दादाच्या उंचीचं टेबल

टेबल तिच्या छातीला लागलं. तिने दोन्ही हात वर ठेवून पाहिले तर कोपरं खांद्यांच्या रेषेत आली. दुकानाच्या फळीला लोंबकळून गोळ्या मागणाऱ्या पोरीसारखी ती त्या नव्याकोऱ्या लोखंडी टेबलापाशी उभी राहिली. रंग अजून पुरता वाळला नव्हता. तळव्यांना चिकटत होता. शेजारी तिचा दीर हाताची घडी घालून उभा होता, त्याच्यामागे टेबल बनवणारा वेल्डर, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर पाहुण्यांना नवं बाळ दाखवायला आणल्यासारखं हसू होतं. "वर हत्ती नाचला तरी हलायचं नाही," दीर म्हणाला. "कसं आहे, वहिनी?" "थोडं उंच नाही का झालं?" तिने विचारलं. "उंच कसं? दादाच्या उंचीचं करून घेतलंय," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने डोळे टिपले. "त्याची पँट नेऊन दिली होती ह्याला मापाला. कंबर बरोबर धरलीस ना रे?" वेल्डरने मान हलवली.

दादा म्हणजे तिचा नवरा. तो जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं. उंच माणूस होता, दारातून वाकून यायचा, आणि त्या वाकण्यातसुद्धा आल्यागेल्याला नमस्कार केल्याचा आव असायचा. लोकांना ते फार आवडायचं. आता तो नव्हता, पण त्याच्या कमरेइतकं उंच टेबल होतं, आणि त्या टेबलावर तिने काम करायचं होतं. निदान तिची तशी समजूत होती. "छान आहे," ती म्हणाली. तोंडातून बाहेर पडल्यावर तिला ते ऐकू आलं. छान आहे. इतक्या वर्षांत हे दोन शब्द इतक्यांदा बोलून झाले होते की जिभेला आता तिला विचारायची गरजच उरली नव्हती. राग आला तो आधी त्या जिभेचा. मग टेबलाचा. मग पँटीचा. ती कोणत्या कपाटातून काढली, कधी काढली, तिला न विचारता तिच्या खोलीत कोण शिरलं, हे सगळे प्रश्न एकदम उठले आणि घशापाशी येऊन एकमेकांना अडून बसले.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती तिच्याकडे गेली होती, तेवढ्यात हे सगळं झालं होतं. लहान विमानं उतरतात अशा गावाबाहेरच्या विमानतळाच्या कडेला हा हँगर, विमानं ठेवायची ही पत्र्याची शेड, दिराने ओळखीने मिळवली होती. तो बांधकामाची कंत्राटं घ्यायचा, त्याच्या ओळखी फार. घरच्या गॅरेजमध्ये विमानाचं धड आणि पंख वेगवेगळे तयार झाले होते, पण पंख धडाला जोडायचे तर गॅरेज पुरणार नव्हतं. विमान बाहेर काढावं लागणारच होतं. ते कधी काढायचं, कसं काढायचं, हे तिने मनात कितीदा तरी घोळवून ठेवलं होतं. पंख उभे न्यायचे, खाली गाद्या घालायच्या, दोर पंखाच्या फासळीवरून घ्यायचा, मधल्या पत्र्यावरून नाही. नात मांडीवर होती तेव्हा दिराचा फोन आला. "इकडची काळजी सोडा, वहिनी. विमान पोचलं हँगरमध्ये. बाकी आल्यावर बघा, सरप्राइज आहे." तिने विचारलं, "पंख कसे नेले? उभे की आडवे?" "नेले की हो. नीट नेले." आज आल्याआल्या ती आधी पंखांकडे गेली होती. डाव्या पंखाच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, अंगठ्याच्या पेराएवढा पोचा होता. ती त्यावरून बोट फिरवत राहिली, आणि दिराला वाटलं वहिनी भरून आल्यात, म्हणून तो थोडा लांब जाऊन उभा राहिला.

मग त्याने हँगर दाखवला. हौसेने, एकेक गोष्ट. उजव्या भिंतीवर कॉम्प्रेसर, अगदी टेबलाच्या कुशीत, म्हणजे तो चालू झाला की माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये. दिवे होते, भरपूर होते, पण सगळे एका बाजूला. पंख जिथे जोडायचे तिथे अंधार आणि समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड. कारण त्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता. दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर त्यावर पडावी असा मोठा, चौकटीतला, हसरा. आणि फोटोखाली एक वेताची खुर्ची, पाठीला उशी लावलेली. "ही तुमची जागा," दीर म्हणाला. "सोमवारपासून दोन मेकॅनिक येतायत. मोठ्या कंपनीत विमानांवरच काम केलेले. तुम्ही नुसतं बसायचं, लक्ष ठेवायचं, चहा सांगायचा. दादाचं विमान आता पुरं करूनच दाखवायचं." शेजारच्या हँगरमधला म्हातारा वैमानिक, ज्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, दारातून डोकावला आणि टोपी काढून तिला म्हणाला, "साहेबांचं स्वप्न पुरं करताय, मॅडम. फार मोठी गोष्ट आहे." तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. तिने खुर्चीकडे पाहिलं. उशीवर मोर विणलेला होता.

घरी येताना तिने गाडीच्या काचा वर केल्या आणि एकटीच मोठ्याने बोलली. काय बोलली ते तिलाही धड कळलं नाही. शिव्या देण्याची सवय नसलेल्या माणसाच्या शिव्या होत्या त्या, अर्धवट, एकमेकींत अडकलेल्या. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने तिच्याकडे पाहिलं. घरी गॅरेजचं दार उघडंच होतं आणि आत काही नव्हतं. भिंतीवर तिने पेन्सिलीने काढलेल्या खुणा होत्या, फरशीवर तेलाचे डाग होते, आणि जिथे धड उभं असायचं त्या जागी दिराने तिची गाडी लावता यावी म्हणून पांढरा पट्टा मारून दिला होता. कुणी काही वाईट केलं नव्हतं. हेच तर होतं. एकाने जरी काही वाईट केलं असतं तरी तिला धरून भांडता आलं असतं.

विमान तिला सुचलं होतं. ती दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे आणि घरामागच्या खोलीत मेण, प्लास्टर, धातू वितळवून ती कवळ्या करायची, दातांवरच्या टोप्या करायची, नसलेल्या दाढांच्या जागी दाढा बसवायची. तिची सगळी कामं लोकांच्या तोंडात जायची आणि तिथेच राहायची. त्या कामात उत्तम म्हणजे जे कुणालाच दिसत नाही ते. कुणी म्हणालं की तुमची कवळी सुंदर आहे, तर समजावं की ती बिघडली. एकदा एका डॉक्टरच्या दवाखान्यात ती डबी घेऊन वाट बघत बसली होती आणि समोरच्या जुन्या मासिकात एका माणसाने आपल्या शेडमध्ये बांधलेल्या विमानाचं चित्र होतं. तिने आकाश पाहिलं नाही. त्या माणसाचं हसूही पाहिलं नाही. तिने पाहिली ती पत्र्यावरून गेलेली, पत्र्याला पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटची ओळ, सरळ, एकसारखी, हातशिलाईसारखी. हे मला येईल, असं तिच्या मनात आलं; आणि हे सगळ्यांना दिसेल. तिने खोकल्याचं निमित्त करून पान फाडलं आणि पर्समध्ये टाकलं. काही महिन्यांनी पुठ्ठ्याच्या नळीतून नकाशे आले. ते जेवणाच्या टेबलावर पसरले तेव्हा नवरा पोट धरून हसला. "आधी घरातला पंखा कुरकुरतोय तो बघ," तो म्हणाला, "मग विमानाचे पंख कर." ती पण हसली. तो हसवायचाच. पंप विकायचा तो, शेतांना, कारखान्यांना, इमारतींना, आणि लोक पंप नको असला तरी त्याला बसवून घ्यायचे, कारण तो गोष्टी सांगायचा.

पहिल्या फासळ्या तिने निजायच्या खोलीत केल्या. पलंगाच्या काठावर लाकडी साचा ठेवून पत्र्याच्या कडा लाकडी हातोडीने हळूहळू वळवायच्या, एकदम वळवली की पत्रा चिरतो. पाहुणे आले की तो त्यांना तिथे घेऊन यायचा. "ही विमान बांधतेय. वेडी आहे." त्या "ही"मध्ये कौतुक असायचं, तिला ते कळायचं, आणि खरं सांगायचं तर ती वर्षं सुखाची होती. मग धड उभं राहायला लागलं आणि तिला दुसऱ्या माणसाची गरज पडली. रिव्हेट बाहेरून यंत्राने ठोकायचं आणि आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा घट्ट धरायचा, म्हणजे रिव्हेटचं शेपूट त्यावर आपटून बसतं. ठोकळा जरा कलला की शेपूट तिरकं. तो ठोकळा नवऱ्याने धरला. धरायचा, पण धरता धरता बोलायचा. खांद्याने फोन कानाशी दाबून अर्ध्या इंचाचा पंप की पाऊण इंचाचा हे समजावत असायचा, आणि तिला ठोकताना हाताला कळायचं की पलीकडे ठोकळा भलतीकडे बघतोय. ती काही बोलायची नाही. तो कामाला गेला की तिरके रिव्हेट ड्रिलने काढायची, स्वतःच एक हात आत घालून, गाल पत्र्याला चिकटवून, दोन्ही बाजू सांभाळून पुन्हा बसवायची. संध्याकाळी तो हात फिरवून म्हणायचा, "काय मस्त बसलेत बघ आपले." आपले. तेव्हापासून "ही बांधतेय"चं "आम्ही बांधतोय" झालं. कधी झालं ते तिला दाखवता आलं नसतं. उन्हाने पडद्याचा रंग उडतो तसं झालं, रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

आणि मग एका वर्तमानपत्राचा माणूस आला. ती आत चहा करत होती. बाहेर आली तेव्हा नवरा धडावर हात ठेवून सांगत होता, "मी म्हटलं, माणसाला पक्षी व्हायचं असेल तर कुणाची परवानगी कशाला?" ती ट्रे घेऊन थांबली. फोटो काढणाऱ्याने तिला खुणेने बाजूला व्हायला सांगितलं, ती झाली, पण पुरेशी झाली नाही. छापून आलेल्या फोटोत डाव्या कडेला तिचं कोपर होतं. नुसतं कोपर, आणि ट्रेचा काठ. त्या रात्री जेवताना तो जरा गप्प होता. मग म्हणाला, "तो विचारत गेला, मी बोलत गेलो. तुला काही वाटलं नाही ना?" "छे," ती म्हणाली, "छान आलाय फोटो." चांगल्या माणसावर रागावणं फार जिकिरीचं. सगळं जग त्याच्या बाजूला असतं, आणि बऱ्याचदा आपणही तिकडेच जाऊन उभे असतो. तो तिचे खांदे चेपून द्यायचा. ती आजारी पडली तर ऑफिसातून लवकर यायचा. त्याने कधी आवाज चढवला नाही. असल्या माणसाला काय म्हणायचं? माझं विमान परत दे?

परगावच्या हॉटेलात, पंप दाखवायला गेला असताना, तो झोपेतच गेला. शोकसभेला हॉल भरला होता. एकामागून एक माणसं उठली आणि प्रत्येकाने विमानाबद्दल सांगितलं. ध्यास. जिद्द. वेड. अर्ध्यावर राहिलेलं उड्डाण. पहिल्या ओळीत लेकीचा हात धरून ती ऐकत होती आणि तिच्या लक्षात आलं की आपण रडत नाही आहोत, आपण दात आवळून बसलो आहोत. आपल्याकडे येणाऱ्या साच्यांत ज्या दाढा झिजलेल्या दिसतात, त्या अशाच झिजत असणार. शेवटी दीर उठला. म्हणाला, "दादाचं विमान मी उडवणार. सगळ्यांदेखत सांगतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, शोकसभेत टाळ्या. तिला वाटलं उभं राहावं आणि म्हणावं, अहो, ते माझं आहे. पण नवऱ्याच्या शोकसभेत विधवेने उठून हे म्हणायचं म्हणजे प्रेताच्या बोटातली अंगठी ओढण्यासारखं दिसलं असतं. लेक कानाशी म्हणाली, "आई, किती प्रेम होतं ना बाबांवर लोकांचं." लेक गॅरेजमध्येच लहानाची मोठी झाली होती. तिला तरी माहीत असायला हवं होतं. तिलाही नव्हतं, किंवा त्या दिवशी नको होतं.

शनिवारी सकाळी ती हँगरवर गेली ती थेट टेबलाकडे. आधी वेल्डरला फोन केला होता. "पाय कापायचेत टेबलाचे. येता का?" "साहेबांना विचारतो," तो म्हणाला. "टेबल माझं आहे." "हो मॅडम, पण सांगितलं साहेबांनी होतं ना. त्यांना विचारतो आणि येतो." तिने फोन ठेवला. हँगरच्या कोपऱ्यात दिराने हत्यारं रचून ठेवली होती, सगळी नवी, आणि त्यात ग्राइंडर होता. तिने चष्मा लावला, केस बांधले, टेबल ढकलून आडवं पाडलं. त्याचा आवाज पत्र्याच्या छपरात घुमून परत आला आणि तिला फार बरं वाटलं. मग पहिल्या पायाला खूण केली आणि चाक लावलं. ठिणग्यांचा फवारा फरशीवर लांबवर गेला. आयुष्यभर तिने बारीक हाताने काम केलं होतं, केसाएवढं घासायचं, फुंकर मारायची, पुन्हा बघायचं. इतक्या जोराने काही कापलं नव्हतं कधी. जळक्या रंगाचा वास नाकात गेला. दुसरा पाय कापताना ती पुन्हा बोलायला लागली, आता मोठ्याने, कारण यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं. स्वप्न म्हणे. साहेबांचं. चहा सांगायचा म्हणे बसून. मोराच्या उशीवर. तिसऱ्या पायाला खूण करायची ती विसरली, अंदाजाने कापला.

आवाज थांबला तेव्हा कॅप्टन दारात उभा होता. "मॅडम, काही मदत?" "उभं करायला हात लावा," ती म्हणाली. दोघांनी टेबल उभं केलं. ते डगडगलं. तिसरा पाय आखूड झाला होता. कॅप्टन त्या पायाकडे बघत राहिला आणि तिला त्याचाही राग आला, आणि स्वतःचा सगळ्यात जास्त, कारण हे तिच्या हातून झालं होतं, ज्या हाताने कधी आखूड कापलं नव्हतं त्या हातून. तिने पत्र्याचे तुकडे पायाखाली सारले, पाणसळ लावून पाहिली, आणखी एक तुकडा सारला. मग टेबलावर हात ठेवले. कोपरं बरगड्यांशी आली, जिथे यायला हवीत तिथे. "साहेबांना हे जरा ठेंगणं पडलं असतं," कॅप्टन म्हणाला. वाईट हेतूने म्हणाला नाही. "साहेबांनी ह्यावर काही केलं नसतं," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग टोपी घातली आणि विचारलं, "कॉम्प्रेसर हलवायचाय का? मी माझा मागच्या भिंतीबाहेर टाकलाय, तिथे आवाज नाही लागत."

तो दिवस तिने त्यात घालवला. कॉम्प्रेसर मागच्या भिंतीबाहेर गेला; हवेची नळी तिने भिंतीवरून थोडी उतरती घेतली, म्हणजे नळीत साचणारं पाणी रिव्हेटच्या यंत्रात न येता खाली तोटीशी जमेल. विमानतळाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून निम्मे दिवे काढून जिथे पंख जोडायचे तिथे दोन्ही अंगांनी लावून घेतले, एकाच अंगाने लावले तर पत्र्यावर सावली पडते आणि पोचा दिसत नाही. पंख टेकवून ठेवायला जुन्या गालिच्याचे झोळे लावलेले लाकडी घोडे कॅप्टनने आपल्याकडचे दिले. कॅप्टनकडूनच मेकॅनिकचा नंबर मिळाला, आणि तिने फोन करून सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. हत्यारं टांगायला भिंत हवी होती. हाताशी असलेली एकच भिंत होती, आणि तिच्यावर तो होता, हसत. ती बराच वेळ खाली उभी राहिली. मग वेताच्या खुर्चीवर चढून फोटो काढला. जड होता. पुसला, कागदात गुंडाळला आणि दाराशी ठेवला. तिला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं नाही.

दीर रविवारी दुपारी आला. वेल्डरने सांगितलं असणार. दारात कागदात गुंडाळलेली चौकट त्याला दिसली, मग टेबल, मग भिंत. "हे काय केलंत, वहिनी?" "पाय कापले." "कुणाचे?" "टेबलाचे, भाऊजी. आणखी कुणाचे कापणार?" तो आत आला आणि त्याने टेबलावर हात ठेवला, आता ते त्याच्या मांडीला लागत होतं. "दादाची आठवण म्हणून केलं होतं मी ते." "काम मला करायचंय त्यावर." "तुम्हाला कशाला करायचंय? उद्या मेकॅनिक येतायत." "येत नाहीत. नको म्हणून सांगितलं." त्याचा चेहरा लाल झाला. "मग विमान पुरं कोण करणार? मी हॉलभर लोकांसमोर शब्द दिलाय. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, दादाचं विमान कुठवर आलं. काय सांगू मी त्यांना?" "सांगा, दादाचं नाही म्हणून. माझं आहे." ती जे बोलली ते पत्र्याच्या छपरात फिरून परत आलं. "नकाशे मी मागवले. पहिल्या फासळीपासून शेवटच्या रिव्हेटपर्यंत मी केलंय. तुमच्या दादाने जे धरलं ते मी दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा बसवलंय. विमान माझं आहे."

"माहितीये," दीर म्हणाला.

भांडायला खांदा लावून दार ढकलावं आणि ते उघडंच असावं, तशी ती पुढे झोकांडली. "काय माहितीये?" "तुम्ही बांधलंत ते. मला काय डोळे नाहीत, वहिनी? दादा भिंतीत खिळा ठोकायचा तर अंगठा सुजवून घ्यायचा. त्यानेच सांगितलं होतं मला. म्हणाला, मी नुसता ठोकळा धरतो, आणि तोही तिला पटत नाही, माझ्या पाठीमागे काढून पुन्हा ठोकते. हसत होता. म्हणाला, त्यात बसायला मात्र मला सांगू नका, मला गच्चीवरून खाली बघवत नाही." "मग शोकसभेत?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "शोकसभेत काय सांगायचं होतं?" तो एकदम ओरडला. "पंप चांगले विकायचा? माणूस गेला हो! हॉल भरून लोक आले, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी हवं की नको? उद्या मी गेलो तर काय सांगणार आहेत? गटारं बांधली, पाण्याच्या टाक्या बांधल्या. आमच्या घराण्यात सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट झाली." "तुमच्या घराण्यात नाही झाली," ती म्हणाली. "माझ्या खोलीत झाली." त्याने खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली.

ती टेबलाला टेकून उभी राहिली. इतकी वर्षं तिचा राग एका गोष्टीवर उभा होता, की त्यांना माहीत नाही. कधीतरी कळेल, कुणीतरी विचारेल, मग लाजतील. आणि त्यांना माहीत होतं. वाटीभर साखर उसनी न्यावी तसं त्यांनी तिचं विमान नेलं होतं, आणि वाटी परत करायची असते हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आणि तो. त्याला कळत होतं की ती मागाहून काढून पुन्हा ठोकते. तिला वाटायचं ती त्याचं मन राखतेय. तो तिकडे भावापाशी बसून त्यावर हसत होता, प्रेमाने हसत होता, आणि घरी येऊन पत्र्यावर हात फिरवून म्हणत होता, आपले. एकदा, एकदाच, तिच्यापाशी म्हणाला असता. जेवताना, जाता जाता, हसतच का होईना: अगं, मला माहितीये. तेवढ्यावर तिने बाकी सगळं सोडून दिलं असतं, फोटो, स्वप्न, पक्षी, सगळं. तो भावाला म्हणाला. आता कुणाला धरून विचारायचं? समोर हा उभा होता, त्याच्यासारख्याच कपाळाचा, त्याच्यासारखाच रुमालाने मान पुसणारा, आणि ह्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ह्यांचं नेहमी असंच. ह्यांच्या डोळ्यांत वेळेवर पाणी येतं.

"कोट काढा," ती म्हणाली. "काय?" "कोट काढा आणि बाह्या वर करा. इंजिन चढवायचंय. उद्या कोणी येणार नाही, आज तुम्ही आहात."

धडा-पंखांबरोबर घरून आलेलं इंजिन खोक्यातून काढून तिने सकाळीच खाली तयार ठेवलं होतं. वरच्या तुळईला दिराने चेनपुली बसवली होती, आणि ती मात्र चांगली होती. वजन किती, साखळी कुठे यावी, सगळं त्याने विचारपूर्वक केलं होतं. बांधकामातला माणूस. तिला त्याचाही जरा रागच आला, कारण तिला काही बोलायला जागा नव्हती. विमान मागे झुकून शेपटीवर बसलं होतं. नाकात वजन नसलं की ते तसंच बसतं, पुढचं चाक हवेत, तोंड छपराकडे. त्याने साखळी ओढायला सुरुवात केली. कडी कडी करत इंजिन उठलं, जमिनीवरून सुटताना थोडं फिरलं, तिने हाताने थोपवलं. मग तिने ते नाकाशी आणलं आणि खाली वाकून बोल्टची भोकं जुळवायला लागली. वरची दोन सहज जुळली. खालचं एक जुळलं. चौथं जुळेना, भोकाच्या मागे भोक अर्धचंद्राएवढं दिसायचं आणि पुन्हा झाकलं जायचं. "एक कडी खाली," ती म्हणायची. तो सोडायचा. "अर्धी वर." तो ओढायचा. घाम तिच्या डोळ्यांत गेला. एका हातात बोल्ट, दुसऱ्या हाताने आणि कुशीने ती इंजिन रेटत होती. आणि वरून तो बोलायला लागला. "दादा असता ना आज," तो म्हणाला, "तर काय म्हणाला असता माहितीये? एकदा आम्ही दोघं लहान असताना विहिरीवर पंप उतरवत होते, तेव्हा दादा—" साखळी त्याच्या हातात हलली आणि चंद्र झाकला.

"गप्प बस ना जरा!" ती ओरडली. "धर नीट!"

बाहेर लांब कुठेतरी एक विमान धावपट्टीवर वळत होतं, त्याचा आवाज आला आणि गेला. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून दिराला ती भाऊजी म्हणत आली होती, अहोजाहो करत आली होती. त्याच्या मुलांच्या बारशाला, आजारपणात, भांडणातसुद्धा. तोंडातून गेलेलं ते एकेरी त्याला नव्हतं. ते कुणाला होतं हे तिला कळलं आणि त्यालाही कळलं असावं, कारण वरून उत्तर आलं नाही. ती तशीच वाकून राहिली, गाल थंड धातूला लागलेला, आणि तिला हुंदका आला. एकच, खोकल्यासारखा, रागाचाच. दोन शब्द. इतक्या वर्षांत, गाल पत्र्याला लावून, पलीकडे तो फोनवर बोलत असताना, हे दोन शब्द तिला एकदाही म्हणता आले नव्हते. तो हसला असता. सॉरी म्हणाला असता. गप्प बसून त्याने नीट धरलंही असतं कदाचित.

साखळी आता हलत नव्हती. तिने मान तिरकी करून वर पाहिलं. दीर दोन्ही हातांनी साखळी धरून उभा होता, ओठ घट्ट मिटून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा, आणि फक्त तिच्या हाताकडे बघत होता. भोकातून पलीकडचा उजेड पूर्ण दिसला. तिने बोल्ट लावला. तो जरा अडला, मग तळव्याच्या एका ठोशाने आत गेला. तिने नट फिरवले, पाना लावला, चारही एकेक करून आवळले, पुन्हा एकदा पहिल्यापासून आवळले. तिने घाई केली नाही. मग ती बाहेर सरकली, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. राग गेला नव्हता. तिने तपासून पाहिला, जिभेने दात चाचपावा तसा. होता, जागच्या जागी.

"सोडू?" त्याने हळूच विचारलं.

"सोड," ती म्हणाली.

त्याने साखळी सोडायला घेतली, कडी कडी करत, आणि विमानाचं नाक हळूहळू खाली आलं, शेपूट उचललं गेलं, आणि पुढचं चाक फरशीला टेकलं.